टॉवेल रेल वरून वारंवार थंड पडते: नुसती हवा काढत न बसता मूळ कसे शोधावे

पारंपरिक धाटणीची, गरम पाण्यावर चालणारी टॉवेल रेल (टॉवेल सुकवणारी, पोकळ नळ्यांची चौकट) बसवल्यानंतर एक तक्रार हमखास ऐकू येते. खालच्या दांड्यांना हात लावला तर चटका बसतो आणि सर्वांत वरची दांडी मात्र थंडगार असते. वरचा स्क्रू किल्लीने सैल केला की फुसफुस आवाज करत हवा निघते, मागोमाग पाण्याचे थेंब येतात, स्क्रू आवळल्यावर थोड्याच वेळात रेल वरपर्यंत तापते आणि प्रश्न सुटला असे वाटते. आठ-पंधरा दिवस जातात आणि वरची दांडी पुन्हा थंड पडते. मग हवा काढणे हे नेमाचेच काम होऊन बसते.

नवी रेल बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत दोन-तीनदा हवा काढावी लागली, तर त्यात वावगे काही नाही. साधारण २० अंश सेल्सिअसच्या ताज्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, त्याच्या जोडीला नायट्रोजनही असतो, आणि पाणी तापले की हे वायू बाहेर पडून घर तापवणाऱ्या यंत्रणेतील (हीटिंगमधील) सर्वांत उंच आणि संथ जागा गाठतात. टॉवेल रेल बहुधा वरच्या मजल्यावर असते, तिची वरची दांडी अरुंद असते आणि तिच्यातून पाणी खालच्या दांड्यांइतके वेगाने फिरत नाही. त्यामुळे साऱ्या घरातील वायू तिथेच येऊन साठतो. पहिल्या भरणीचा वायू मात्र एकदाच सुटतो. महिन्या-दोन महिन्यांनंतरही हवा साठतच राहिली, तर ती कुठून तरी नव्याने येत आहे किंवा यंत्रणेच्या आतच तयार होत आहे, आणि स्क्रू सैल करणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशातला प्रकार होतो. त्याहून वाईट असे की, प्रत्येक वेळी हवा काढल्यावर जे नवे पाणी भरले जाते, ते पुढच्या खेपेच्या वायूसाठी ताजा ऑक्सिजन घेऊन येते.

थंडपणा नेमका कुठे आहे

कोणतेही हत्यार उचलण्यापूर्वी रेल पूर्ण तापू द्यावी आणि हाताच्या पाठीने तिचा प्रत्येक भाग चाचपून पाहावा. हीटिंगच्या पाण्याचे तापमान ६०–७० अंशांपर्यंत असू शकते आणि उघडा धातू तेवढाच तापतो, म्हणून हात क्षणभरच टेकवावा. वरचा भाग थंड आणि खालचा गरम असेल तर तिथे वायू साठला आहे. वरचा भाग गरम आणि तळाचा मधला भाग थंड असेल तर तिथे गाळ बसला आहे. हे मधोमध रेडिएटर (आत गरम पाणी फिरणारा, खोली तापवणारा पोकळ धातूचा भाग) असलेल्या रेलमध्ये अधिक दिसते, कारण त्याच्या खालच्या पोकळीत काळा चिखल साचायला जागा असते. सबंध रेल थंड आणि घरातील बाकीचे रेडिएटर गरम असतील, तर हवेच्या मागे न लागता आधी व्हॉल्व्ह पाहावेत.

यातील शेवटच्या स्थितीत एक कारण फार वेळा नजरेतून सुटते. रेलच्या पायथ्याशी थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि वरून सोडलेला जाड टॉवेल थेट त्याच्या डोक्यावर लोंबतो. टॉवेलाखाली गरम हवा कोंडते, व्हॉल्व्हला वाटते की खोली पुरेशी तापली, आणि तो पाणी बंद करतो. टॉवेल धुण्यासाठी काढला की रेल आपोआप तापू लागते, म्हणून ही तक्रार येते-जाते आणि कोणाला तिचा उलगडा होत नाही. टॉवेल रेलवर असा व्हॉल्व्ह शक्यतो बसवू नये. साधा हाताने फिरवण्याचा व्हॉल्व्ह पुरतो. थर्मोस्टॅटिकच हवा असेल, तर ज्याचा संवेदक वेगळा काढून भिंतीवर लावता येतो असा घ्यावा. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची खीळ बरेच महिने न हलल्याने आत अडकून बसते, हे दुसरे नेहमीचे कारण. डोके काढून ती खीळ बोटाने किंवा पान्याच्या सपाट भागाने हळूच दाबून पाहावी. ती स्प्रिंगप्रमाणे वर आली पाहिजे. पकडीने ओढून मात्र काढू नये.

एक उभी नळी गरम, दुसरी जेमतेम कोमट आणि आडव्या दांड्या मधूनच थंड, असाही प्रकार होतो. काही रेलमध्ये पाण्याला वरपर्यंत चढायला भाग पाडावे म्हणून एका बाजूला आत अडथळा बसवलेला असतो. अशा रेलला पाणी येण्याची आणि परतीची बाजू ठरलेली असते आणि ती उलटी जोडली गेली तर हवा कितीही काढली तरी वरची दांडी नीट तापत नाही. रेलसोबतच्या पत्रकात बाजू दिलेली असेल, तर आधी दोन्ही नळ्यांना हात लावून कोणती आधी तापते ते पाहावे आणि पत्रकाशी ताडून घ्यावे.

स्क्रूतून निघते ते काय आहे

वायूचे मूळ ओळखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याच्यामागून येणारे पाणी. यंत्रणा बंद करून रेल निवू द्यावी, स्क्रूखाली पांढरी वाटी धरावी आणि वायू निघून गेल्यावर दोन-तीन चमचे पाणी वाटीत घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवावे.

पाणी शाईसारखे काळपट आले आणि तळाशी बारीक काळी पूड बसली, तर आतले लोखंड ऑक्सिजन फार कमी असलेल्या पाण्यात हळूहळू झिजत आहे. या झिजेत लोखंड विरघळलेला नव्हे, तर पाण्याच्या रेणूतलाच ऑक्सिजन घेऊन मॅग्नेटाइट नावाचा काळा ऑक्साइड बनवते आणि हायड्रोजन मोकळा होतो. म्हणजे रेलच्या माथ्यावर साठणारी ‘हवा’ ही बाहेरून आलेली हवाच नसते. वाटीखाली चुंबक फिरवले तर काळी पूड त्याच्यामागे सरकते, इतकी ही ओळख सोपी आहे. काही जुने कारागीर निघणाऱ्या वायूजवळ पेटती काडी धरून हायड्रोजनची खात्री करून घेतात. हा प्रयोग बंद बाथरूममध्ये, टॉवेलांच्या शेजारी करण्याचे काहीच कारण नाही. वाटीतले पाणी तेवढीच माहिती देते.

पाणी तांबूस किंवा विटकरी आले, तर यंत्रणेत ताजा ऑक्सिजन सतत शिरत आहे. कुठून तरी हवा ओढली जात आहे, किंवा नवे पाणी वारंवार भरले जात आहे, किंवा रेल अशा पाण्यावर जोडली आहे जे रोज बदलते. पाणी अगदी स्वच्छ असूनही वायू भरपूर निघत असेल, तर यंत्रणेत लोखंड फारसे नाही, पण हवा शिरते आहे. तिन्ही प्रकारांचे उपाय वेगळे आहेत, आणि ही वाटी न पाहता बॉयलरपासून सुरुवात करणाऱ्या कारागिराला मी तरी काम देणार नाही.

धातू आणि पाणी यांची जोडी

पारंपरिक धाटणीच्या रेलमध्ये दोन ठळक घराणी आहेत. पहिले बॉल-जॉइंटचे: गोल पितळी नळ्या, त्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे पितळी गोळे, वर क्रोम, निकेल किंवा तत्सम मुलामा. दुसऱ्यात अशाच चकचकीत चौकटीच्या मधोमध खांबांचा रेडिएटर बसवलेला असतो, आणि तो माइल्ड स्टीलचा किंवा बिडाचा असतो. लांबून दोन्हींची चौकट सारखीच दिसते, आणि निवडीतली सर्वांत महागात पडणारी गफलत इथेच होते.

घरात गरम पाणी दोन प्रकारचे असते. एक हीटिंगच्या बंद फेऱ्यातले: तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते, त्यातला ऑक्सिजन सुरुवातीला लोखंडाशी संयोग पावून संपतो आणि गंजरोधक द्रावण घातले की झीज जवळपास थांबते. दुसरे नळाला येणारे, वापराचे गरम पाणी. काही घरांत हे पाणी नळाशी लगेच गरम मिळावे म्हणून पंपाने सतत फिरवत ठेवतात, आणि या फेऱ्यावर टॉवेल रेल जोडली की हीटिंग बंद असलेल्या दिवसांतही टॉवेल कोरडे राहतात. सोय उत्तम आहे. परंतु त्या फेऱ्यात रोज ताजे, ऑक्सिजनयुक्त पाणी येते आणि त्यात कोणतेही द्रावण घालता येत नाही, कारण ते पाणी अंगावर आणि तोंडात जाते. अशा फेऱ्यावर पितळ, तांबे किंवा योग्य प्रतीचे स्टेनलेस स्टील यांचीच रेल चालते, आणि तीही उत्पादकाने वापराच्या पाण्यासाठी चालेल असे स्पष्ट लिहिलेली असावी. माइल्ड स्टील किंवा बीड तिथे जोडले तर आधी तांबूस पाणी, मग वारंवार साठणारी हवा आणि शेवटी सुईच्या टोकाएवढी भोके, असा ठरलेला क्रम असतो. चौकट पितळी आहे म्हणून सगळी रेल पितळी असे समजून मधल्या रेडिएटरकडे दुर्लक्ष होते. गंजतो तो नेमका तोच भाग.

आपल्याकडची रेल कशाची आहे हे कागद हरवले असले तरी कळू शकते. चुंबक नळीला लावावे. पितळावर ते जोराने चिकटत नाही. मुलाम्याखालच्या निकेलच्या पातळ थरामुळे किंचित ओढ जाणवली तरी सोडल्यावर चुंबक घसरून पडते. माइल्ड स्टीलवर आणि बिडावर ते टक्क करून बसते. मधला रेडिएटर, त्याला जोडणारे तुकडे आणि पाठीमागच्या नळ्या वेगवेगळ्या तपासाव्यात. स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच प्रतींवर चुंबक चिकटत नाही, म्हणून चिकटले नाही याचा अर्थ पितळच असा नव्हे. मात्र चिकटले आणि रेल वापराच्या पाण्यावर असेल, तर पुढची तपासणी करण्याची गरज उरत नाही. रेल बदलावी किंवा जोडणी बंद फेऱ्यावर न्यावी. तिसरा मार्ग नाही.

बंद फेऱ्यावर यांपैकी कोणतीही रेल चालते, फक्त द्रावणाचे प्रमाण टिकले पाहिजे. रेल नव्याने जोडताना यंत्रणेतले पाणी काढून टाकले जाते आणि पुन्हा भरले जाते. त्या वेळी द्रावण पुन्हा घालायचे राहून जाते आणि पुढच्याच हंगामात रेलच्या माथ्यावर हायड्रोजन जमू लागतो. बाटलीवर किती लिटर पाण्यासाठी किती द्रावण हे लिहिलेले असते. अंदाजपंचे ओतू नये.

दाब, भरणी आणि न दिसणारी गळती

आता बाहेरून येणाऱ्या हवेचा प्रश्न. पाणी गळू शकते तिथून हवा आतही शिरू शकते, आणि ती शिरते की नाही हे त्या जागी आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे की कमी, यावर ठरते. दर मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे ०.१ बारने घटतो. बंद दाबाच्या यंत्रणेत खालच्या मजल्यावरील दाबमापक यंत्रणा थंड असताना ०.५ बार दाखवत असेल आणि रेलचा माथा त्याच्या ६ मीटर वर असेल, तर रेलच्या वरच्या दांडीत दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी, म्हणजे उणे ०.१ बार होतो. अशा वेळी व्हॉल्व्हच्या देठाभोवतीचे पॅकिंग, स्वयंचलित एअर व्हेंट (हवा आपोआप सोडणारी झडप), जरासा सैल सांधा, यांतून हवा आत ओढली जाते, आणि तिथून पाण्याचा टिपूसही बाहेर येत नसल्याने शंका येत नाही. हवा काढण्यासाठी स्क्रू सैल केला आणि बाहेर फुसफुसण्याऐवजी काहीच झाले नाही, किंवा स्क्रूजवळ धरलेला पातळ कागद आत खेचला गेला, तर नेमके हेच घडते आहे असे समजावे. स्क्रू ताबडतोब आवळावा, कारण उघडा ठेवला तेवढी आणखी हवा आत जाईल. सर्वसाधारण घरात थंड असताना दाब १ ते १.५ बार ठेवतात, तो या हिशेबानेच.

दाब वारंवार का उतरतो, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुधा एक्स्पान्शन व्हेसलमध्ये असते. पाणी १० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापले की सुमारे ३ टक्के फुगते. यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल तर जवळजवळ ३ लिटर जादा पाण्याला कुठे तरी जागा लागते. ती जागा व्हेसलमधल्या रबरी पडद्यामागची हवा देते. ती हवा निघून गेली किंवा पडदा फाटला, की तापलेल्या यंत्रणेत दाब चढत जातो, ३ बारवर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि थोडे पाणी बाहेर सोडतो. यंत्रणा निवल्यावर दाब खूप खाली जातो, घरातले कोणी तरी भरणीचा नळ उघडून तो पुन्हा वर आणते, आणि हे चक्र रोज चालू राहते. रेलच्या माथ्यावरची हवा हे या चक्राचे दृश्य टोक आहे. दाबमापकाचा काटा थंड असताना शून्याच्या जवळ आणि तापल्यावर ३ च्या जवळ जात असेल, तर व्हेसल तपासावे. सुरक्षा व्हॉल्व्हच्या नळीचे तोंड घराबाहेर जिथे निघते तिथे पाण्याचा किंवा पांढऱ्या क्षारांचा ओघळ दिसतो. व्हेसलवरील हवेच्या व्हॉल्व्हची खीळ दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले, तर पडदा फाटला आहे. हवाच येत असेल, पण कमी असेल, तर यंत्रणेतला पाण्याचा दाब पूर्ण उतरवून मगच व्हेसलमध्ये हवा भरावी. पाण्याचा दाब असताना घेतलेले माप फसवे असते.

माळ्यावर भरणीची टाकी असलेल्या उघड्या यंत्रणेत दाबमापकच नसतो, पण दोष सारखाच राहतो. पंप चुकीच्या जागी असेल तर तो वाफनळीतून (यंत्रणेतून वर येऊन टाकीवर उघडणाऱ्या नळीतून) हवा ओढतो किंवा तिच्यातून पाणी टाकीत ढकलतो. टाकीतले पाणी कोमट लागत असेल आणि पंप सुरू होताच वाफनळीतून धार पडत असेल, तर तपासणी तिथेच थांबवून पंपाची जागा सुधारावी. आणखी एक जागा आवर्जून पाहण्यासारखी आहे. टाकीची नळी मुख्य फेऱ्याला जिथे मिळते, तिथे नळीत मॅग्नेटाइट साचून ती बुजते. त्या सांध्याजवळच्या तांब्याच्या नळीला चुंबक लावावे. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटले, तर आत काळ्या गाळाचा बोळा बसला आहे. भरणीचे पाणी मग येऊ शकत नाही आणि यंत्रणा आपली तूट वाफनळीतली हवा ओढून भरून काढते. तेवढा नळीचा तुकडा कापून नवा बसवणे हाच खात्रीचा उपाय.

दाबात आणि टाकीत काही दोष नसेल, तर रेलचेच सांधे राहिले. बॉल-जॉइंटच्या रेलची पाझर शोधणे अवघड असते, कारण रेल गरम असताना धातू प्रसरण पावून सांधे दाबले जातात आणि जो काही थेंब येतो तो तिथल्या तिथे वाळून जातो. निवल्यावर सांधा किंचित आकसतो आणि थेंब सुटतो. म्हणून शोध रात्री, हीटिंग बंद झाल्यावर करावा. प्रत्येक गोळ्याला आणि व्हॉल्व्हच्या प्रत्येक नटाला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवावा आणि सकाळी रेल तापण्यापूर्वी काढून पाहावा. ओला डाग तर दिसतोच, पण जुन्या पाझरीच्या जागी कागदावर हिरवट किंवा पांढुरका ठसाही उमटतो. गोळ्याच्या खालच्या अंगाला अशी हिरवी खपली बोटाला खरखरीत लागली, तर तो सांधा बरेच दिवस झिरपत आहे. असे सांधे बाहेरून लांबी (पुट्टी) लावून बंद होत नाहीत. ते खोलून वॉशर किंवा रिंग बदलावी लागते आणि काही रेलमध्ये ते काम उत्पादकाकडूनच करून घ्यावे लागते.

घरात हीटिंगसाठी प्लास्टिकच्या नळ्या वापरल्या असतील आणि त्यांत ऑक्सिजन रोखणारा थर नसेल, तर नळीच्या भिंतीतूनच ऑक्सिजन आत पाझरतो. कुठेही गळती नाही, दाब ठीक आहे, तरी पाणी तांबूस आहे, अशा कोड्याचे उत्तर कधी कधी नळीवर छापलेल्या अक्षरांत सापडते.

बसवतानाच्या काही जागा

पारंपरिक रेलच्या नळ्या उघड्यावर दिसतात, म्हणून त्याही क्रोमच्या घेतल्या जातात, आणि तिथे एक खास अडचण आहे. साध्या तांब्याच्या नळीवर कॉम्प्रेशन जोडातली पितळी रिंग नट आवळल्यावर किंचित रुतते आणि पकड घेते. क्रोमचा थर फार कठीण आणि गुळगुळीत असल्याने रिंग त्यात रुतत नाही, वरवर बसते. चाचणीच्या दिवशी जोड कोरडा असतो आणि रेल काही आठवडे तापून निवली की झिरपू लागतो. नळी जोडात जेवढी शिरते तेवढ्या लांबीवरचा क्रोम बारीक कानशीने किंवा एमरी कागदाने पूर्ण उतरवून खालचे तांबे उघडे करावे आणि मगच रिंग चढवावी. नटाखाली तो भाग झाकला जातो, म्हणून दिसण्याची काळजी नको.

नळ्यांमधले अंतर पत्रकावरून घेऊ नये. बॉल-जॉइंटच्या रेलची जुळणी बऱ्याचदा हाताने होते आणि छापील मापात व प्रत्यक्षात काही मिलिमीटरचा फरक निघतो. रेल हातात आल्यावर, तिला व्हॉल्व्ह लावून, फरशीच्या किंवा टाइलच्या जाडीसकट माप घ्यावे. नळ्या चुकीच्या अंतरावर निघाल्या तर कारागीर रेल ओढून-ताणून बसवतो आणि तो ताण कायम सांध्यांवर राहतो. पाझर तिथूनच सुरू होते. व्हॉल्व्हचे शेपूट (रेलमध्ये शिरणारे आट्यांचे टोक) रेलच्या आट्यांत बसवताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी आणि षटकोनी चावीने बेताने आवळावे, कारण पितळी बाही जोर लावला की उभी तडकते आणि तो तडा मुलाम्याखाली दिसत नाही.

हवेच्या संदर्भात बसवणीतली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. रेल डोळ्याला सरळ दिसली तरी लेव्हल लावून पाहावी. हवा सोडण्याचा स्क्रू ज्या टोकाला आहे ते टोक दुसऱ्यापेक्षा खाली राहिले, तर वरच्या दांडीतला वायू विरुद्ध टोकाला अडकतो आणि स्क्रू कितीही उघडला तरी निघत नाही. स्क्रूच्या बाजूला एक-दोन मिलिमीटरचा चढ असावा, तो नजरेला खटकत नाही. हा स्क्रू पुष्कळदा वरच्या गोळ्याच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून असतो. भिंतीचे आधार कायमचे बसवण्यापूर्वी तिथे किल्ली फिरते का ते पाहून घ्यावे. मधोमध बिडाचा रेडिएटर असलेली रेल पाण्यासकट चांगलीच जड होते, तेव्हा लाकडी जमिनीवर पायांखाली आधार आहे का आणि पोकळ भिंतीत स्क्रूंना धरायला आतून लाकूड आहे का, हेही तेव्हाच पाहावे. रेल हळूहळू खचून कलली, तर वर सांगितलेला चढ उलटा होतो.

तापताना टकटक आवाज येत असेल तर तो हवेचा नसतो. एक मीटर पितळी नळी ५० अंशांनी तापली की सुमारे १ मिलिमीटर लांबते आणि टाइलच्या भोकात किंवा घट्ट आधारात घासते. भोक थोडे मोठे करून नळीभोवती मऊ बाही घालावी.

हवा पूर्ण निघाली, रेल वरपर्यंत तापली आणि तरी बाथरूम गार राहते, ही तक्रार मात्र दुरुस्तीची नाही, निवडीची आहे. पत्रकावरील वॅटचा आकडा बहुधा पाणी ७५ अंशांनी आत, ६५ अंशांनी बाहेर आणि खोली २० अंशांवर धरून दिलेला असतो. हीट पंपासारख्या यंत्रणेत पाणी ५५ अंशांनी येऊन ४५ अंशांनी परतत असेल, तर ४०० वॅटची रेल जेमतेम २०० वॅट देते. चकचकीत क्रोम उष्णता फार कमी उत्सर्जित करतो, रंगवलेला पृष्ठभाग कितीतरी जास्त, आणि टॉवेल टाकले की उरलेलीही अडते. खोली तापवायची असेल तर मधोमध रंगवलेला रेडिएटर असलेली रेलच घ्यावी.

विजेची कांडी असेल तर

केवळ विजेवर चालणाऱ्या, आत द्रव भरून बंद केलेल्या रेलमध्ये माथ्याशी थोडी हवा मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर फुगणाऱ्या द्रवाला दुसरी जागा नसते. तिची वरची दांडी इतरांहून कमी तापणे हा दोष नाही, आणि तिथली हवा काढायला जाऊ नये.

पाणी आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या रेलमध्ये उन्हाळ्यात विजेची कांडी (आतले पाणी तापवणारा हीटर) लावताना गरम पाणी येण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि परतीचा उघडा ठेवावा. दोन्ही बंद केले तर तापणाऱ्या पाण्याला फुगायला वाट राहत नाही आणि दाब धोकादायक होतो. ज्यांच्या रेलचे सांधे दर वर्षी उन्हाळ्यानंतरच झिरपू लागतात, त्यांनी ही सवय आधी तपासावी. वीजजोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, ३० मिलिअँपिअरची आरसीडी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) असावी आणि शॉवर किंवा टबच्या कडेपासून ६० सेंटिमीटरच्या आत स्विच येऊ देऊ नये.

दुरुस्तीचा क्रम

कारण सापडल्यावर कामे कोणत्या क्रमाने होतात याला महत्त्व आहे. आधी गळती आणि सांधे, मग व्हेसल किंवा पंपाची जागा, त्यानंतर काळे पाणी काढून यंत्रणा स्वच्छ पाण्याने धुणे आणि सर्वांत शेवटी गंजरोधक द्रावण. द्रावण आधी घालून मग सांधे खोलले, तर ते सगळे गटारात जाते. भरताना पंप बंद ठेवून, खालच्या मजल्यापासून सुरुवात करत, एकेका रेडिएटरची हवा काढत वर यावे आणि टॉवेल रेल शेवटी घ्यावी. नंतर पंप चालू करून यंत्रणा पूर्ण तापवावी, निवू द्यावी आणि पुन्हा एकदा हवा काढावी. त्या दिवशीचा थंड असतानाचा दाब व्हॉल्व्हजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवावा आणि भरणीचा नळ घट्ट बंद करावा. महिन्याभरात काटा त्या आकड्याखाली उतरला तर लगेच पाणी न भरता टिश्यू पेपरची तपासणी पुन्हा करावी. काटा जागेवर आहे आणि तरी वायू साठतो आहे, तर पांढरी वाटी घ्यावी. पाणी अजून काळे असेल तर धुणे अपुरे झाले आहे.

माइल्ड स्टीलच्या रेलला एकदा भोक पडले, तर ते झाळून किंवा इपॉक्सी लावून बुजवण्यात पैसे घालू नयेत. पत्रा आतून इतरत्रही झिजलेला असतो आणि दुसरे भोक पडायला फार वेळ लागत नाही.